दाढ की दाढी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं आहे की, तुम्ही मोठमोठ्या पुढाऱ्यांना जवळून पाहिलंत, त्यांच्या आठवणी द्या. पाहिलं हे खरं. पण ते व्यासपीठाच्या खाली मांडलेल्या टेबलाशी बसून. तिथून पुढाऱ्यांच्या वहाणा सर्वांत नीट दिसतात. त्यांची भाषणं मी शब्दन् शब्द उतरवून घेतली, ती छापून आली, आणि ज्यांना हवी त्यांना ती वाचनालयात मिळतील. त्यात माझं असं काही नाही.

मला बातमीदारी शिकवली ती एका अर्ध्या पानाच्या भाषणाने. ते करणाऱ्याला स्वतःची सही येत नव्हती. पुढे रेडिओवर माझा आवाज लोकांच्या ओळखीचा झाला, त्याचं मूळही त्याच माणसापाशी आहे. म्हणून पुढाऱ्यांची क्षमा मागून मी त्याच्याबद्दल लिहितो.

माझे वडील कर्जत स्टेशनात सांधेवाले होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावायचं, तिथले रुळांचे सांधे बदलण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मी मराठी सातवी पास झालो आणि कशेळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. युरोपातल्या मोठ्या लढाईचे दिवस होते. माझ्याकडे मुंबईचं एक साप्ताहिक पोस्टाने येई. बाजाराच्या दिवशी वाण्याच्या ओट्यावर बसून मी ते मोठ्याने वाचत असे. भोवती शेतकरी बसत, आणि डोंगरातल्या वाड्यांवरून लाकूडफाटा, मध, डिंक विकायला उतरलेले ठाकर बसत. त्यांतलाच एक बुधाजी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, अंगाने काटक. डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच उघडायचा.

"मास्तर, ह्यो तह म्हंजी काय?"

"दोन सरकारांनी भांडण मिटवायचं ठरवलं की त्याला तह म्हणतात."

"मंग भांडान मिटलं असं वाच की रं. तुझा तह कुनाला कलतोय?"

मी तसं वाचू लागलो. शिष्टमंडळ, प्रतिनिधी, संस्थानिक असले शब्द आले की आधी नजर वर करून बुधाजीकडे बघायचं, मनातल्या मनात शब्द फोडायचा आणि मग बोलायचं. माझ्या मजकुरावर पहिली संपादकीय दुरुस्ती करणारा माणूस तो. पुढे आयुष्यभर बातमी लिहिताना मला समोर तोच बसलेला दिसायचा. एक वेळ सोडून. ती वेळच सांगायची आहे.

काही वर्षांनी शाळा सोडून मी मुंबईला गेलो आणि मराठी लघुलेखन शिकलो. ही विद्या काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माणूस बोलतो त्या वेगाने आपल्याला लिहिता येत नाही. म्हणून अक्षरांऐवजी रेघा काढायच्या. या रेघा फक्त व्यंजनांच्या. काना, मात्रा, वेलांटी गाळायची. माळ, मूळ, मेळा या तिघांची रेघ एकच. स्वर दाखवायला ठिपके आहेत, पण बोलणारा रंगात आला की ठिपके द्यायला सवड कुठली? नंतर शांतपणे बसून, मागचंपुढचं वाक्य बघून, कुठला शब्द होता ते ठरवायचं आणि मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून काढायचा. ज्याची स्मरणशक्ती चांगली तो चांगला लघुलेखक.

या जोरावर मला मुंबईच्या एका दैनिकात नोकरी मिळाली. कायदेभंगाच्या चळवळीत गावोगाव सभा होऊ लागल्या, तेव्हा संपादकांनी मला परत कर्जतला पाठवलं. म्हणाले, "तुमचा मुलूख आहे, तुम्हाला बोली कळते. तिथून लिहा."

प्रत्येक सभेत व्यासपीठाखालच्या टेबलाशी आम्ही दोघं असायचो. एका बाजूला मी, समोर पोलीस खात्याचा लघुलेखक. त्याचं नाव साबडे. सोलापूरकडचा माणूस, गोरा, किंचित वाकलेला, सदा छत्री जवळ. आम्ही दोघं तीच भाषणं त्याच रेघांत लिहीत असू. मी ती छापण्यासाठी लिहायचो आणि तो खटला भरण्यासाठी, एवढाच फरक. लोक मला पाणी आणून देत, त्याला देत नसत. मी माझा तांब्या त्याच्याकडे सरकवायचो. पेन्सिलीचं टोक मोडलं तर एकमेकांची वापरायचो. आणि सभा संपली की साबडे खालच्या आवाजात विचारायचा, "तो मघाशी ‘पेंडका’ म्हणाला, तो काय प्रकार?" मी सांगायचो, पेंडका म्हणजे गवताची जुडी. त्याला आमची बोली अवघड जायची आणि चुकीचं लिहायची त्याला मनापासून भीती वाटायची. खोटं वाटेल, पण मी पाहिलेल्या लघुलेखकांत इतका नेकीचा दुसरा नव्हता.

चौकच्या बाजारपेठेत जंगलाच्या प्रश्नावर सभा होती. त्यासाठी वाड्यावाड्यांतून माणसं पायी आली होती. बुधाजी कशेळ्याहून आदल्या दिवशी निघून आला होता. आमच्याकडे डोंगरउतारावर भाताचं रोप तयार करायला जमिनीचा एक लहान तुकडा राखतात. त्यावर झाडाच्या डहाळ्या, पाला, शेण पसरून उन्हाळ्यात पेटवतात. त्या राखेत पेरलं की रोप जोमाने येतं, आणि मग ते उपटून शेतात लावायचं. त्या तुकड्याला म्हणतात दाढ, आणि या कामाला दाढ भाजणं. जंगल खात्याने डहाळ्या तोडायला बंदी केली होती. डहाळ्या नाहीत तर दाढ नाही, दाढ नाही तर भात नाही, इतका सरळ हिशेब होता.

शहरातून आलेले दोन पुढारी बोलले. मग कुणीतरी बुधाजीला पुढे ढकललं. तो उभा राहिला आणि माझ्याकडे बघून बोलू लागला. बहुधा ओळखीचा तेवढा मीच होतो म्हणून.

"आमचं काय मोठं मागनं नाय. आमाला पोरांना भात घालायचा हाय. रेंजरसायेब म्हनतो डाहळी तोडू नको. मंग मी पेरू कुटं, सायबाच्या टेबलावर? आमी काय कुनाला मारनार नाय, कुनाला शिवी देनार नाय. पर सायेब आला तरी दाढ भाजनार. त्यानं हुबं ऱ्हावं आन बगावं."

लोक हसले, टाळ्या पडल्या, बुधाजी खाली बसला. साबड्याने मान वर केली आणि त्याच्या नेहमीच्या पद्धतीने माझ्याकडे वळला. काहीतरी विचारायचं होतं त्याला. पण माझं बातमीचं पाकीट कर्जतहून सुटणाऱ्या गाडीच्या गार्डाकडे पोचवायचं होतं, आणि पुढाऱ्यांची मोटार मला सोडायला तयार उभी होती. "उद्या भेटू," म्हणून मी उठलो. त्याला विचारायचं होतं ते राहून गेलं.

मोटारीतच मी बातमी लिहून काढली. दाढ असंच लिहिलं. शब्दाचा अर्थ द्यायला हवा हे सुचलं नाही. मला तो शब्द भाकरीइतकाच ओळखीचा होता. मुंबईच्या कचेरीत मजकूर तपासणाऱ्याला तो ओळखीचा नव्हता. त्याने वाक्य पाहिलं, त्यात काही अर्थ लागेना, आणि त्याने ते सुधारलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ठळक मथळा आला: ‘साहेब आला तर दाढी भाजू’.

आता योग असा की आमच्या भागातल्या रेंजरसाहेबांना छातीपर्यंत रुळणारी दाढी होती. अख्ख्या तालुक्याला ती माहीत होती.

कर्जत स्टेशनवर मी तो अंक वाचला. चूक ताबडतोब कळली. ‘दाढ’ची ‘दाढी’ झाली होती आणि ‘तरी’चं ‘तर’. पण त्याआधी कळलं ते हे की माझी बातमी पहिल्या पानावर आली आहे. स्टेशनमास्तर येऊन म्हणाले, "काय मथळा दिलात हो." चहावाल्याने हसत हसत कप पुढे केला. मी हसलो. चुकीची दुरुस्ती कळवायला एक कार्ड पुरलं असतं. मी ते लिहिलं नाही. आज विचार केला तर कारण सापडतं, आणि ते भूषणावह नाही: मला तो मथळा आवडला होता.

चार दिवसांनी चौकजवळच्या लाकडाच्या सरकारी डेपोला आग लागली. माणूस कुणी दगावला नाही. आग कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण भाजायची भाषा पहिल्या पानावर छापून आलेली होती. पोलिसांनी वाडीवर जाऊन बुधाजीला धरलं आणि खालापूरला नेलं. सरकारी अधिकाऱ्याला जाळण्याची धमकी आणि लोकांना चिथावणी, असे आरोप होते. सिद्ध झाले असते तर काही वर्षं तुरुंगात गेली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुधाजीची बायको पारू माझ्या दारात उभी राहिली. वाडीवरून चालत आली होती. माझ्या पत्नीने तिला ओटीवर बसवलं, गूळपाणी दिलं. पाण्याला तिने हात लावला नाही.

"मास्तर, गावात म्हनत्यात कागदात तुमी लिवलंत."

"माझ्या नावाने आलंय, पारूबाई. मी तसं लिहिलं नव्हतं."

"मंग कुनी लिवलं?"

  आणि उत्तराची वाट न बघता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमच्या मान्साला दाढीचं काय ठावं? त्याला सोताला दाढी येत नाय. तो तुमच्याकडं बगून बोलला. मला म्हनला, मास्तर लिवत हुता, आता आपलं बोलनं नीट जानार."

ती रडली नाही की बोल लावला नाही. ती पाणी प्यायली आणि निघून गेली. त्याच दिवशी मी मुंबई गाठली.

संपादकांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "दुरुस्ती छापली तर आपणच चिथावणीचं खोटं वाक्य छापलं असं कबूल केल्यासारखं होईल. छापखान्याला टाळं लागेल. इथे साठ माणसं काम करतात." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "तुम्ही कोर्टात जायचं तर स्वतःच्या नावाने जा. मी तुम्हाला पाठवलेलं नाही, आणि अडवलेलंही नाही."

मी माझी हस्तलिखित प्रत मागितली. ती केव्हाच रद्दीत गेली होती. उरली फक्त माझी वही. गाडीत बसून ती उघडली. भाषण धावतं होतं. मी ठिपके दिले नव्हते. द आणि ढ. त्याची दाढही होते आणि दाढीही. त. र. तरी किंवा तर, जे हवं ते वाचा. माझ्याच विद्येने मला उघडं पाडलं होतं.

खालापुरात तेव्हा महालकऱ्यांची कचेरी होती. मोठे खटले प्रांतसाहेब दौऱ्यावर आले की तिथेच चालवत. कर्जतच्या एका वकिलांनी फी न घेता बुधाजीचं काम पाहिलं आणि मला साक्षीला बोलावलं. अंगणात वाड्यांवरची माणसं बसली होती. आत बुधाजी पिंजऱ्यात उभा. मी शिरलो तेव्हा त्याने मान हलवली, ओट्यावर वाचायला आलो की हलवायचा तशी.

सरकारी वकिलांनी अंक समोर धरला. "ही बातमी तुमची?"

"माझ्या नावाची आहे. ते वाक्य माझं नाही."

"तुमच्या वहीत काय आहे?"

मी वही दाखवली, रेघा समजावून सांगितल्या.

"म्हणजे या रेघांचं दाढी असंही वाचन होऊ शकतं?"

खोटं बोलायचा मोह झाला, नाही असं नाही. त्या खोलीत माझी रेघ वाचू शकणारा फक्त साबडे होता. "होऊ शकतं," मी म्हणालो.

"आणि तुमच्याच वर्तमानपत्राने तसं वाचन केलं आहे. तुम्ही त्याला दुरुस्ती पाठवली?"

"नाही."

"का नाही पाठवली?"

"मथळा पहिल्या पानावर होता. मला बरं वाटलं म्हणून."

अंगणातल्या माणसांना ते ऐकू गेलं असणार. मी बुधाजीकडे पाहिलं नाही. वकील खाली बसले. माझ्या साक्षीने फायदा झाला की तोटा, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

प्रांतसाहेब दुसऱ्या प्रांतातले, पण मराठी शिकलेले होते. शब्दांचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे न जाणारे. साबड्याची साक्ष माझ्याआधी झाली होती, आणि त्याने पोलिसांना दिलेल्या नकलेतही दाढीच होती. त्यांनी त्याला परत पुढे बोलावलं. त्याचे वरिष्ठ पहिल्या बाकावर बसले होते.

"तुमच्या वहीत इथे स्वराची खूण आहे?"

"नाही साहेब."

"मग तुम्ही दाढी असं का लिहून दिलंत?"

साबड्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "मला दाढ म्हणजे तोंडातली दाढ एवढंच माहीत होतं. वाक्य लागत नव्हतं. म्हणून लिहून काढताना ती जागा मी कोरी सोडली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दाढी वाचलं आणि कोरी जागा भरली. कानांनी मी काय ऐकलं ते मला शपथेवर सांगता येणार नाही."

पहिल्या बाकावरचे गृहस्थ त्याच्याकडे बघतच राहिले. साबड्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

प्रांतसाहेब बुधाजीकडे वळले. "दाढ म्हणजे काय?"

बुधाजीने सांगितलं. डहाळी कुठली चालते, शेण किती, पेटवायचं कुठल्या बाजूने, राख कशी पसरायची, सगळं. मध्ये कुणी थांबवलं नाही. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ते मी बोललोय, सायेब. दाढ भाजनार म्हनलो. ते खोटं नाय. दाढीचं मी बोललो नाय."

निकाल त्याच दिवशी झाला. धमकीचा आणि चिथावणीचा आरोप टिकला नाही. सरकारी जंगलात डहाळ्या तोडू असं जाहीरपणे सांगितल्याबद्दल कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. म्हणजे संध्याकाळी कचेरी बंद होईस्तोवर पडवीतल्या बाकावर बसायचं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. क्षमा मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मास्तर. सांगितलंस ना समद्यांसमोर." मग पारूने फडक्यातून आणलेल्या भाकरीचा अर्धा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला.

साबडे कचेरीतून बाहेर पडला तेव्हा मी धावत गेलो. "साबडे, चहा घेऊ."

"आज नको," तो म्हणाला. "आपण दोघं एकत्र दिसलो तर म्हणतील की आधीच ठरलं होतं. त्या माणसाला त्रास होईल." आणि तो छत्री उघडून उन्हात चालू लागला. मी त्याला जाऊ दिलं. दोन महिन्यांत कळलं की त्याला लघुलेखनावरून काढून धारवाडकडे कुठल्याशा कचेरीच्या दप्तरखान्यात टाकलं आहे. मी एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर नोकरी राहिली. प्रांतसाहेबांच्या निकालपत्रातच सगळं आलं असल्यामुळे संपादकांना ते छापायला भीती उरली नाही. त्यांनी ते आतल्या पानावर छापलं आणि मला एवढंच म्हणाले, "यापुढे तुमच्याकडचा शब्द आला की अर्थ शेजारी लिहीत जा." तो नियम मी निवृत्त होईपर्यंत पाळला.

काही वर्षं गेली. मुंबईच्या रेडिओ केंद्रावर खेड्यांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. सरकार काही गावांच्या चावडीत बॅटरीवर चालणारे संच बसवणार होतं. कौन्सिलच्या निवडणुका तोंडावर होत्या, आणि मत म्हणजे काय, मंत्री काय करतो, हे सोप्या भाषेत सांगणारा माणूस हवा होता. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि एक बातमी वाचायला दिली. ‘मतदारसंघ’ हा शब्द आला तिथे मी सवयीने नजर वर केली आणि शब्द फोडून सांगितला. ते बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही वाचत होतात की कुणाला उत्तर देत होतात?"

"उत्तर देत होतो," मी म्हणालो. मला नेमण्यात आलं.

रेडिओची शिस्त वर्तमानपत्राच्या उलट. तिथे आधी लिहा, अधिकाऱ्याची सही घ्या आणि तेवढंच बोला. पाहुणा बोलायला बसला की निवेदकाच्या हाताशी एक बटण असे. पाहुणा कागद सोडून बोलू लागला तर ते दाबायचं. आवाज बंद. ते दाबायची वेळ माझ्यावर एकदाच आली होती. एक जमीनदार शेतीविषयी बोलता बोलता स्वतःच्या भावाविरुद्धचा दावा सांगू लागले होते.

मी बुधाजीला बोलावलं. विषय रानभाज्यांचा. शेवळं कशी ओळखायची, टाकळा कधी तोडायचा, कुरडू कसा शिजवायचा. कशेळ्याला जाऊन त्याचं बोलणं मी लिहून घेतलं, या वेळी पूर्ण अक्षरांत. सही मिळाली. सर्व्हिस मोटार आणि मग गाडी असा प्रवास करून तो मुंबईला आला. केंद्रात गालिचा पाहून वहाणा हातात घेतल्या, जाड पडद्यांकडे बघून म्हणाला, "हितं वारा कसा नाय रं?" मायक्रोफोन दाखवल्यावर त्याने त्याला सगळीकडून न्याहाळलं.

"ह्याला कान हाय, तोंड नाय," तो म्हणाला. "बरं हाय. मधीच इचारनार नाय."

तो छान बोलला. घड्याळात दीड मिनिट उरलं होतं, आणि मजकूर संपला होता. मी खूण केली. बुधाजी थांबला नाही.

"आता एक बोलायचं ऱ्हायलंय. साबडे नावाचा एक सरकारचा लिवनारा मानूस हुता. माझ्यापायी त्यानं खरं सांगितलं आन सोताचं नुसकान केलं. तो कुटं हाय मला ठावं नाय."

काचेपलीकडे अधिकारी उठून उभे राहिले. त्यांनी मला बोटाने बटण दाखवलं. माझं बोट बटणावर होतंच.

"बाबा, जितं असशील तितनं ऐकत असशील, तर आमच्या वाडीवर ये. कशेळ्याला उतर, कुनालाबी बुधाजीचं घर इचार. औंदा भात चांगला झालाय. जेवून जा."

मी बोट काढून घेतलं. नंतरच्या अर्ध्या मिनिटात बाजारभाव सांगितले आणि शुभरात्र म्हटलं. दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद मिळाली. माझ्या सगळ्या नोकरीत मिळालेली ती एकच. आजही ती कपाटात आहे, आणि निवृत्त होताना मिळालेल्या मानपत्राच्या जोडीला मी ती ठेवली आहे.

महिनाभराने कार्ड आलं. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. ‘मी स्वतः ऐकलं नाही. आमच्या कचेरीतल्या एकाच्या घरी संच आहे, त्याने सांगितलं. रविवारी कर्जतला उतरतो. पुढची वाट मला माहीत नाही.’ खाली साबड्याची सही.

मी त्याला स्टेशनवर घ्यायला गेलो. केस पांढरे झाले होते. कशेळ्यापासून वाडीची चढण चढताना मी इतकी वर्षं राहिलेलं बोललो. "साबडे, तुमचे आभार मानायचे राहिले."

"माझे कसले," तो धापा टाकत म्हणाला. "कोरी जागा मीच भरली होती की. ती मी कोरी ठेवली असती तर तो माणूस धरला गेला नसता."

"आणि मी सभेनंतर थांबलो असतो, तर तुम्ही मला विचारलं असतं."

तो थांबला, छत्रीवर टेकला. "विचारणारच होतो," म्हणाला. उरलेली चढण सोपी गेली.

बुधाजी वाटेतच उभा होता. त्याने साबड्याचा हात धरला आणि घरी न नेता आधी उताराच्या कडेला नेलं. तिथे काढलेल्या भाताच्या खुंटांशेजारी काळसर मातीचा एक तुकडा होता, माझ्या ओटीएवढा.

"ही बग दाढ."

साबडे वाकला. मातीवर तळवा ठेवला. "एवढीशीच?"

"येवडीच. पर समदं शेत हिच्यातनं निंगतं."

साबडे बराच वेळ तसाच वाकून होता. मग पारूने हाक मारली. आम्ही तिघं पडवीत बसलो. नवा भात, नाचणीची भाकरी, वालाचं कालवण. साबडे मान खाली घालून जेवत होता. पारू भाताचं भांडं घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"दादा, आनखी वाडू का?"

साबड्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. त्याने ताट पुढे सरकवलं.

"वाढा, वहिनी," तो म्हणाला. "आज मी सावकाश जेवणार आहे."